फोटो आणि त्याखालचा शब्द

गुरुवार, १६ सप्टेंबर ९९, बारामती

घोंगडीवर अडलंय. सकाळपासून. चहा, औषध, भाकरी, पाणी, सगळं गुमान जातं आणि घोंगडी आली की मशीन म्हणतं, चौदाव्या ओळीत चूक आहे. चौदाव्या ओळीत आबांची घोंगडी आहे मुडद्या, चूक कसली आलीय!

पुस्तकाची पानं पाडायच्या प्रोग्रॅमची सीडी देताना मंजिरी म्हणाली होती, "एकदा फाईल नीट लिही, पानं आपोआप पडतील." कॉलेजात माझ्या शेजारी बसायची, आता पुण्यात सॉफ्टवेअरमधे आहे, तिला सगळंच आपोआप वाटतं. अजून एक पान पडलेलं नाही.

रफिकभाईंच्या प्रेसमधे इतकी वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. मराठी अक्षर कधी असं आडवं आलं नव्हतं. बाहेर मंडळाचा स्पीकर, आत हे. डोकं उठलं.

शनिवार, १८ सप्टें.

आबा इंदापूरच्या बाजारात लकवा मारून पडले त्याला दोन महिने होत आले. उजवा हात, पाय हळूहळू येतोय. वाचा मात्र गेली ती गेलीच. कळतं सगळं. समोरचा काय म्हणतो ते कळतं, मोठ्या अक्षरातला एकेक शब्द वाचतात, डोळ्यांवरून समजतं. पण बोलायला गेले की तोंडातून नुसतं "त, त, त". आणि मग स्वतःचाच राग येऊन मान फिरवतात.

पुण्याच्या वाचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात शब्द, असं पुस्तक करा. बोट ठेवून मागू देत. बोट ठेवता ठेवता एखादा शब्द परत येतोही. "फक्त त्यांना सांगायचं सोडून देऊ देऊ नका. एकदा सोडलं की मग फार अवघड जातं."

परवा भाऊ सांगत होता, आबा आता भिंतीकडं तोंड करून पडतात. म्हणजे सोडायला लागलेत. म्हणून ही घाई.

मंगळवार, २१ सप्टें.

सुटली घोंगडी! एसटीडी बूथमधून मंजिरीला फोन केला. ती आधी हसली. म्हणे आपले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी कळांवर चढवलेली सोंगं. ह्या फॉन्टात 'घ'चा अर्धा भाग ज्या कळेवर बसवलाय, नेमक्या त्याच चिन्हानं तिच्या त्या एक्सएमएलमधे, म्हणजे फाईल लिहायच्या भाषेत, खूण सुरू होते. मशीनला वाटतं, नवी खूण आली, आणि ते तिची शेपूट शोधत बसतं. त्या चिन्हाऐवजी त्याचं टोपणनाव लिहायचं, की झालं.

"म्हणजे घर, घसा, घोंगडी, सगळ्यालाच टोपणनाव?"

"सगळ्याला. सुनंदे, रडू नकोस, शोधा-बदला करून एका झटक्यात होतं."

रडत नव्हते मी. बूथमधे उकडत होतं.

रफिकभाई चहा घेऊन आले. "ताई, पेजमेकरात बसवलं असतं तर आतापावेतो बांधून झालं असतं." खरंय त्यांचं. पण आज तीस शब्द आहेत, उद्या आबांना एकतिसावा हवा झाला की सगळी पानं परत सरकवा. ह्यात फाईलीत दोन ओळी वाढवल्या की मोठं पुस्तक पण नवं, खिशातलं छोटं पण नवं. हे मी त्यांना ऐटीत सांगितलं खरं. अजून पान कुठंय?

शुक्रवार, २४ सप्टें.

पानं पडली. मी प्रेसमधेच टाळी वाजवली. मग बघते तर 'पाणी'ची वेलांटी वरून कापलेली. 'मेंढरं'चा अनुस्वार गायब, मात्रा अर्धी. सगळी अक्षरं टोपी उडवल्यासारखी.

ओळीची उंची ते इंग्रजीच्या हिशोबानं धरतं. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर कोण बसतंय? आपल्याकडं मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, माळ्यावर सगळी वर्दळ. उंची वाढवली. मग नीट.

ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, "झालं का सासऱ्यांचं पुस्तक?" म्हटलं, वेलांट्या बसल्या. हे म्हणाले, "आमच्या एसटी डेपोत दहा-दहा वर्षं बोल्ट बसत नाहीत, तुझं बरंय की." ह्या माणसाला कसं हसवायचं ते कळतं.

रविवार, २६ सप्टें., कळंब

माहेरी घेऊन आले. आबांनी एकेक पान बघितलं आणि मिटून ठेवलं. माझं तोंड उतरलं. मग आईच म्हणाली, "आगं, ह्यो काय प्येला हाय? ह्याला कान हाय. आपल्यात कवा आला असला?"

सीडीवरची आयती चित्रं. चहा म्हणजे बशीतला कानवाला कप. भाकरी म्हणून पावाचा तुकडा. मेंढरू तर असं गुबगुबीत पांढरंशुभ्र की आबांनी त्यावर बोट आपटून माझ्याकडं बघितलं, म्हणजे हे काय आणलंस?

आबांनी जन्म मेंढरात काढला. गुडघ्यातून गेले तेव्हा कळप विकला, आता दोन शेळ्या नि ऊस. त्यांना मी विलायती मेंढरू दाखवते. अक्कल माझी.

बुधवार, २९ सप्टें.

रफिकभाईंनी स्वतःचा कॅमेरा दिला. रोल पण घालून दिला. "ताई, आबांची घोंगडी आबांचीच पायजे." एवढंच म्हणाले आणि मशीनकडं गेले. त्यांचे वडील पण असेच गेले, न बोलता. तेव्हा असलं पुस्तक कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवार, ३ ऑक्टोबर, कळंब

आज फोटो. आबांचा जर्मनचा पेला, ॲल्युमिनियमचा, बिनकानाचा. त्यांची काठी, त्यांची बाज, त्यांची घोंगडी, कोपऱ्यावरच्या ठिगळासकट. तव्यावरची भाकरी. शेजारच्या डाळजहून आलेल्या पाहुण्यांची मेंढरं रस्त्यानं चालली होती, त्यांनी थांबवून दिली. आबा दारात बसून बघत होते. मी आडवा कॅमेरा धरला तर हातानं उभा धर म्हणून खूण केली. बरोबर होतं त्यांचं, शिंगं कापली जात होती.

आईचा फोटो म्हणजे भांडण. "माजा कशाला? मी काय खायाची वस्तू हाय का मागायची?" म्हटलं, आबांना तू हवी झालीस तर बोट कशावर ठेवतील? तर आत गेली आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसून, केस चापून आली. ऊन डोळ्यावर, तरी डोळे मिटले नाहीत. पदर इतका ओढला की दोनदा मागं करायला लावला.

आबांनी तेवढा वेळ मान फिरवली नाही.

गुरुवार, ७ ऑक्टो.

स्कॅन झाले. फाईलीत सगळे फोटो घातले. माझ्या मशीनवर अक्षरं देखणी. रफिकभाईंच्या प्रिंटरच्या मशीनवर उघडलं तर 'पाणी'च्या जागी कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. सगळ्या पानांवर. त्या मशीनमधे हा फॉन्ट नाही आणि मी पीडीएफच्या पोटात फॉन्ट घातलेलाच नव्हता. सोंग घरी ठेवून नुसता नट पाठवला.

"ताई, ही दोन हजार सालाची अडचण तर न्हाय ना?" रफिकभाई घाबरूनच विचारत होते. गावात जो तो तेच विचारतोय, एक जानेवारीला कॉम्प्युटर मरणार का. म्हटलं, न्हाय भाई, ही नव्याण्णव सालातलीच माझी अडचण.

फॉन्ट पोटात घालायला दुपार गेली. झालं शेवटी. स्पायरल बांधून दिलं त्यांनी. वरती प्लास्टिक, पेला सांडला तरी चालेल असं. उद्या भाऊ बाजाराला येतोय, त्याच्याबरोबर धाडते.

रविवार, १० ऑक्टो., कळंब

लाज वाटते लिहायला.

पोचले तर घरात रुसवा. आबा भिंतीकडं. आई चुलीपुढं, नाक लाल. "मागत्यात बी आन तोंड बी मिटत्यात. कालपास्नं असंच. तूच बघ बाई आता, मला न्हाय कळत."

पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर चहाचा पेला, खाली काहीच नाही. दुसऱ्या पानावर वर 'चहा' आणि त्याच्याखाली गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. तिसऱ्यावर वर 'औषध', खाली भाकरी. सगळं पुस्तक असंच सरकलेलं. फोटो जरा उंच झाले, शब्दाला पानावर जागा उरली नाही, तो पुढच्या पानावर जाऊन दुसऱ्याच फोटोच्या डोक्यावर बसला.

आबा वाचतात. आईला वाचता येत नाही, ती फोटो बघते. आबांनी 'चहा'वर बोट ठेवलं, आईनं गोळी आणली. आबांनी तोंड मिटलं. तिनं परत विचारलं, त्यांनी परत तिथंच बोट ठेवलं, अजून जोरात. तिनं परत गोळीच पुढं केली. शेवटी त्यांनी पुस्तक भिरकावलं. चहा उकळत होता चुलीवर. सगळा वेळ.

बांधायच्या आधी एकदा पानं उलटून बघायची नाहीत? दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तीनदा बघते मी. स्वतःच्या बापाचं काम म्हणून इतकी घाई झाली की बघितलंच नाही.

आबांच्या पायाशी बसले. म्हटलं, चूक माझी हाय आबा, तुमची न्हाय आणि आईची पण न्हाय. मग डावा हात मागं आला आणि माझ्या डोक्यावर टेकला. तोंड भिंतीकडंच.

पुस्तक परत नेतेय.

सोमवार, ११ ऑक्टो.

'हे दोघं एकत्र ठेव' अशी आज्ञा आहे त्यात. लिहिली. मशीन ढिम्म. परत लिहिली, वेगळ्या जागी. ढिम्म. कोडगं आहे नुसतं.

मंजिरी फोनवर, "अगं, ती आज्ञा कागदावर आहे, प्रोग्रॅमला अजून शिकवलेली नाही कुणी. नवीन आहे गं ते सगळं."

"मग सीडी कशाला दिलीस बये?"

"तू मागितलीस म्हणून!"

खरंच की. दोघी हसलो. आता म्हणते, फोटो आणि शब्द एका तक्त्याच्या चौकटीत घाल. चौकट मधेच मोडायची नाही हे त्याला कळतं म्हणे. बघू.

बुधवार, १३ ऑक्टो.

कळतं! चौकटीत घातल्यावर दोघं एकमेकांना सोडत नाहीत. चौकटीच्या रेघा पुसल्या, दिसत पण नाहीत. फोटोची उंची बांधून दिली. प्रत्येक पानावर एक फोटो, खाली एक शब्द.

ह्या वेळी पान न् पान उलटून बघितलं. मग रफिकभाईंनी बघितलं. मग हे प्रेसवर न्यायला आले, त्यांच्याकडून वाचून घेतलं. 'साखर' आल्यावर हे म्हणाले, "शुगरच्या माणसाला साखरेचं पान?" म्हटलं, नाही म्हणायला तरी त्यांनी मागायला हवी ना.

रविवार, १७ ऑक्टो., कळंब

आबांनी चहा मागितला. आईनं चहा दिला.

एवढंच लिहायचं होतं. पण लिहितेच पुढचं. पेला हातात घेऊन त्यांनी पानं उलटली, 'साखर'. आई म्हणाली, "न्हाय मिळायची." परत बोट. "डाक्टरनं बंद केलीया, तुमास्नी ठावं हाय." परत बोट, आणि ह्या वेळी डोळ्यात मिश्किली. आई माझ्यावर घसरली, "ह्यो साखरेचा फोटू कुणी घालाय सांगितला व्हता?" आणि चिमूटभर टाकली. पडल्यापासून आबा पहिल्यांदा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले.

दुपारी 'बाहेर'वर बोट ठेवलं. भावानं बाज अंगणात काढली. संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड नाही.

बुधवार, २० ऑक्टो.

काल दसरा. सोनं द्यायला गेलो दोघं. आबा ठीक, पुस्तक बाजेवर, कडा आताच काळवंडल्यात.

पण एक गोष्ट. मधेच पुस्तक घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पानं उलटतात. काहीतरी शोधतात. नाही सापडत. परत पहिल्यापासून. मग "त, त", आणि पुस्तक ढकलून देतात. काय हवंय, सगळे विचारतात, एकेक पान दाखवतात. मान नाही, नाही. भाऊ म्हणतो रोज होतं हे, बहुतेक तिन्हीसांजेला. आणि नंतर तोंड भिंतीकडं.

तिसात नाही असा कुठला शब्द? तंबाखू? ऊस? नातवंडं? कागदावर लिहून नेते, एकेक विचारते.

रविवार, २४ ऑक्टो., कळंब

तंबाखू नाही. ऊस नाही. विठोबा नाही. नातवंडं नाही. मोटार, रेडिओ, पगडी, कुत्रं, नाही. आबा दमले. मीही.

मग ते परत उलटायला लागले आणि मी नुसती बघत बसले. आईचं पान आलं. हिरवं लुगडं, ऊन, सताड डोळे. तिथं हात थांबला. बोट फोटोवर गेलं, मग खाली शब्दावर, मी घातलेलं 'आई', आणि मान हलली. नाही. पान उलटलं.

मी म्हटलं, "आबा, आई हवी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. होय. आणि मग त्या शब्दावर परत बोट, नाही.

त्यांची कुठं आई आहे ती? माझी आहे. पुस्तक त्यांच्या तोंडचं करायला बसले आणि एवढ्या एका पानावर माझ्या तोंडचा शब्द घालून मोकळी झाले.

बाहेर जाऊन आईला विचारलं, आबा तुला काय म्हणून हाक मारायचे? भांडी घासत होती. "मला? काय म्हनून न्हाय."

"म्हणजे नावानं?"

"नावानं कोन मारतंय गं? लग्नात नाव घ्याया लावलं तवा जी मान खाली घातली ती घातलीच. सगळ्या जणी हसल्या. म्हातारी सासू म्हनली, ऱ्हाऊ द्या, पोरगं लाजतंय."

"मग तुला बोलवायचे कसे?"

ती जरा वेळ घासतच राहिली. मग जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. टक्, टक्. मेंढरं वळवायचा.

"ह्यो. लगीन झाल्यापास्नं ह्योच. मेंढरं बी वळायची आन मी बी."

मला राग आला. म्हटलं, "तुला मेंढरासारखं बोलवायचे आणि तू जायचीस?"

आई इतकी हसली की हातातलं ताट निसटलं. "आगं येडे, मेंढरांचा येगळा हाय. ह्यो हळू हाय. मेंढरास्नी जोरात. माज्यासाटी हळू. तुला न्हाय कळायचा फरक, तुमी शाळंत व्हता."

मग हसणं संपलं. "आता निगत न्हाय त्यो त्यांच्यातनं. जीब वळत न्हाय. सांजच्याला करून बघत्यात. मला दिसतंय. मी हितं दारातच असती, पर हाक आल्याबिगर कशी जाऊ? त्यास्नी वाटंल, कीव करती."

रविवार, रात्री, बारामती

एसटीत सगळा रस्ता तेच. त्या आवाजाला अक्षर नाही. कुठल्याच फॉन्टात नाही.

आणि मी मोठी शहाणी. ह्या रोजनिशीत, जी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तिच्यात तरी ह्यांचं नाव कुठं लिहिलंय मी? हे, ह्यांनी, ह्यांना. मागं उलटून बघितलं, एकदाही नाही. आत्ता लिहिणार होते, हात होईना. जाऊ दे.

बुधवार, २७ ऑक्टो.

ठरवलं. आईच्या फोटोखाली काहीच नाही घालायचं. जागा मोकळी सोडायची, त्यांची ती.

फाईलीतून 'आई' काढलं, पानं पाडली. शब्द नाही म्हणून मशीननं ती जागाच काढून टाकली आणि आईचा फोटो घसरत तळाला, पाय कापलेले. त्याच्या मते जिथं अक्षर नाही तिथं काही नाही. स्पेस दिली. ती पण गिळली. चार स्पेस दिल्या. चारही गिळल्या.

सोमवार, १ नोव्हेंबर

मंजिरीला सगळं सांगितलं. बिल माझं चढत होतं, तरी घाई केली नाही. मग म्हणाली, एक मोकळी जागा असते जी त्याला गिळता येत नाही. दिसत काही नाही, पण ते तिला अक्षर समजतं, अक्षराएवढी उंची देतं. तिचा आकडा सांगितला. तळहातावर लिहून घेतला.

घातला. फोटो वर गेला, जागेवर. पाय आले. खाली बरोब्बर एका शब्दाची पांढरी जागा.

छापताना रफिकभाईंनी हाक मारली, "ताई, ह्या पानावर शब्द राहिलाय. थांबवू का मशीन?"

"राहिला नाही भाई. तसंच आहे ते."

त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं. ते पान स्वतः हातात धरून वाळवलं.

रविवार, १४ नोव्हें., कळंब

दिवाळी आटोपली. पुस्तक पाडव्यालाच दिलं होतं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा काही कळलं नाही. आज निवांत.

तिन्हीसांजेला आबांनी पुस्तक ओढलं. पानं उलटत त्या पानावर आले. फोटोवर बोट. मग खाली सरकवलं, मोकळ्या जागेवर. थांबले. मान हलली नाही. तोंड हललं, जीभ वर गेली, आवाज नाही. परत. परत.

आई दारात उभी होती, पाठमोरी, पणत्या पुसत. एकच पणती. इतका वेळ.

आवाज आला नाही. पण त्यांनी पुस्तक ढकललं नाही. बोट तिथंच ठेवून बसले, अंधार पडेपर्यंत. भावानं दिवा लावला तेव्हा मिटलं.

मला वाटलं होतं आज काहीतरी होईल. एसटीत डोळे भरून आले. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली, तिला वाटलं वारा लागतोय.

रविवार, २८ नोव्हें., कळंब

आबांनी आज "च" म्हटलं. चहाच्या पानावर. नुसता "च", पण "त" नाही! भावानं फटाका उडवायचा तेवढा बाकी ठेवला. डॉक्टरीणबाईंना उद्या फोन. त्या म्हणतील, येईल कदाचित वाचा, आत्ताच सांगता येत नाही. म्हणू देत. पेला चार वेळा भरला आईनं, साखर घालून, आणि मी अडवलं नाही.

फाईलीत दोन शब्द वाढवायचेत, 'ऊन' आणि 'नातू'. पानं परत पाडेन.

सांजेला ते परत आईच्या पानावर. बोट खालच्या जागेवर, ओठ हलतायत, आवाज नाही. आई आत माझ्याशेजारी येऊन बसली. लांबूनच पुस्तकाकडं बघत होती. मग हळूच विचारलं, "सुनी, माज्या फोटूखाली काय लिवलंय गं?"

"काय न्हाय आई. मोकळंच हाय."

"मोकळं?" तिनं परत तिकडं बघितलं. "मग रोज एवढा येळ काय वाचीत बसत्यात?"

ती उठली, पदर नीट केला, आणि हाक आली नव्हती तरी त्यांच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली.